कोणी धरलंय ते आधी बघा

श्रावण लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी कॉम्प्युटर मंद चालतो, प्रिंटर कागद ओढत नाही, अशीच पत्रं असतात. श्रावण-भाद्रपदात मात्र घरोघरी कपाटं उघडतात. जुन्या सीड्या, मेमरी कार्डं, कधी कधी फ्लॉप्यासुद्धा बाहेर येतात आणि कित्येक वर्षं बंद असलेल्या यंत्रांत घातल्या जातात. मग पत्र येतं, 'अडकली'. यंदाच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यात जे पणाला लागलंय ते कुठल्याच दुकानात विकत मिळणार नाही.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षिका, वय ७१, इंदूरला लोकमान्यनगरात राहते. आमच्या सासूबाई मंगळागौरीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या फार सुरेख म्हणायच्या. १९९१ साली दिरांनी त्या टेप करून ठेवल्या. २००६ मध्ये पुतण्याने टेपवरून सीडी करून दिली आणि टेप खराब झाली म्हणून टाकून दिली. परवा नातसुनेच्या मंगळागौरीला ऐकवावी म्हणून ती सीडी जुन्या कॉम्प्युटरमध्ये घातली. एक गाणं वाजलं. काढायला बटण दाबलं तर घर्र होऊन गप्प. ट्रे बाहेर येतच नाही. दुरुस्तीवाला मुलगा आला, तो म्हणाला, "आंटीजी, ड्राइव तोड़नी पड़ेगी, सीडी की गारंटी नहीं." मी त्याला हात लावू दिला नाही. आता घरातले म्हणतात, सुरीने ट्रे उचकटून बघू. काय करू?

उत्तर : काकू, त्याला हात लावू दिला नाहीत हे फार चांगलं केलंत. आता सुरीवाल्यांनाही लांब ठेवा आणि ते बटण पुन्हा पुन्हा दाबणं थांबवा. एक गाणं वाजलं, याचा अर्थ सीडी नीट बसली होती आणि लेन्सला ती वाचता येत होती. ती आत सुखरूप आहे. बिघाड तिला बाहेर आणणाऱ्या यंत्रणेत आहे, आणि तो कुठला, हे तुमच्या 'घर्र होऊन गप्प' एवढ्या वर्णनावरून जवळजवळ कळलंच.

बटण दाबल्यावर काय ऐकू येतं, यावर पुढचं सगळं ठरतं. आवाज नाही, दिवाही लागत नाही, तर ड्राईव्हपर्यंत, म्हणजे सीडी वाचणाऱ्या भागापर्यंत, वीजच पोचत नाही. आतली केबल सैल असते. दिवा लागतो, सीडी आत फिरत राहते, पण ट्रे जागचा हलत नाही, तर बहुधा एखाद्या प्रोग्रॅमने दाराला आतून कडी घातलेली असते. विशेषतः सीडी लिहिणारे प्रोग्रॅम काम चालू असताना दार मुद्दाम बंद ठेवतात. याची परीक्षा सोपी आहे. कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा आणि विंडोज सुरू होण्याआधीच, स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह असताना, ड्राईव्हचं बटण दाबायचं. तेव्हा ट्रे उघडला तर कडी प्रोग्रॅमची होती. तुमचं प्रकरण तिसरं आहे. मोटर फिरते, पण तिचा जोर ट्रेपर्यंत पोचत नाही. हे काम रबरी पट्ट्याचं.

हे लिहिताना असाच एक ड्राईव्ह मी टेबलावर उघडून ठेवला आहे. पुढच्या बाजूला एक लहानशी मोटर आहे. तिच्या चाकावरून शेजारच्या मोठ्या चाकावर एक काळा रबरी पट्टा गेलाय, जाडीला शेवईएवढा आणि घेराला साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. पुढे प्लॅस्टिकची दातेरी चाकं. एवढ्याशा पट्ट्यावर दोन कामं आहेत. तो आधी ट्रे आत ओढतो, आणि मग लेन्स व फिरकी बसवलेली अख्खी गाडी खालून वर उचलतो. फिरकीचं टोक सीडीच्या मधल्या १५ मिलिमीटरच्या भोकात शिरतं, वरून एक छोटी चकती लोहचुंबकाच्या ओढीने खाली बसते आणि सीडी त्या दोघांच्या चिमटीत पकडली जाते. उघडताना सगळं उलट क्रमाने व्हावं लागतं. आधी गाडी खाली जायची, चिमटी सुटायची, आणि त्यानंतर ट्रे बाहेर यायचा.

यात सगळ्यात जास्त जोर लागतो तो चुंबकाची पकड सोडवताना. आणि पट्टा तर वर्षानुवर्षं एकाच जागी ताणलेला बसलाय. तो ढिला पडतो, गुळगुळीत होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, अशा वेळी गच्चीखालच्या बंद खोलीत ठेवलेल्या यंत्रातलं रबर आणखी लवकर म्हातारं होतं. मोटर फिरते, पट्टा चाकावर घसरतो, घर्र आवाज येतो, चुंबक काही सोडत नाही. आता सुरीने ट्रे उचकटला तर काय होईल बघा. गाडी वरच आहे, फिरकी भोकात आहे, आणि सीडी तशीच लेन्सवर घासत बाहेर ओढली जाणार. सासूबाईंच्या आवाजावर ओरखडा उठेल तो त्या क्षणी. म्हणून कोणी धरलंय ते आधी बघायचं, त्याला सोडायला लावायचं, मग ओढायचं.

सोडवायची सोय ड्राईव्ह बनवणाऱ्यांनीच करून ठेवली आहे. ट्रेच्या पुढच्या पट्टीवर, बटणाच्या आसपास, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक दिसेल. पुष्कळांना वाटतं ते हवेसाठी आहे. ते याच प्रसंगासाठी असतं.

कॉम्प्युटर बंद करा आणि मागची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढा. सीडी फिरत असेल तर थांबायला वेळ मिळावा म्हणून एक-दोन मिनिटं जाऊ द्या. कागद अडकवायची साधी जेम क्लिप घ्या आणि तिचा एक पाय पूर्ण सरळ करा. टाचणी नको, ती आखूड असते आणि टोकदारही. क्लिप भोकात अगदी सरळ, जमिनीला समांतर घाला, तिरकी नको. तीन-चार सेंटिमीटर आत गेली की कशाला तरी टेकल्यासारखं लागेल. तिथे न घाबरता, पण धक्का न देता, दाब वाढवत न्या. तुम्ही त्या पट्ट्याचं काम हाताने करताय. गाडी खाली उतरतेय आणि चुंबक सुटतोय. ट्रे बोटभर पुढे सरकेल. एवढं झालं की क्लिप काढा आणि ट्रे दोन्ही हातांनी सावकाश, सरळ रेषेत ओढा. पहिल्यांदा जमलं नाही तर क्लिप बाहेर काढून जराशी वर-खाली करून पुन्हा लावा. दोन-तीन प्रयत्न लागतातच. नातसुनेला शेजारी टॉर्च धरून बसवा.

क्लिपने अजिबातच हललं नाही, तर ड्राईव्ह अख्खा काढून माझ्याकडे किंवा ज्याच्याकडे बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि सवड दोन्ही आहे अशा माणसाकडे न्या. खालचे चार स्क्रू काढले की पत्रा निघतो आणि गाडी हाताने उतरवता येते. फोडण्यासारखं त्यात काहीच नाही.

सीडी हातात आली की ती कडेने धरा आणि आधी मधल्या भोकाभोवती बघा. ट्यूबलाइटसमोर तिरकी धरली की केसासारखी चीर असेल तर चमकते. चीर दिसली तर ती सीडी कुठल्याही ड्राईव्हमध्ये घालू नका. हे मी पोटतिडकीने सांगते आहे, कारण हे काम शिकत असताना, २००५ च्या सुमारास, माझ्या हातून अशीच एक चीर गेलेली सीडी ५२ एक्सच्या ड्राईव्हमध्ये घातली गेली. त्या वेगाला सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, ट्रेच्या फटीतून चंदेरी तुकडे बाहेर आले. त्यात एका कुटुंबाच्या मुंजीचे फोटो होते, आणि त्यांना ते सांगायला मला जावं लागलं. तेव्हापासून भोकाभोवती बघितल्याशिवाय मी कोणाचीही सीडी आत घालत नाही.

चीर नसेल तर मऊ, धुतलेलं सुती कापड घ्या. जुन्या मलमलीचा तुकडा उत्तम. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. माहिती गोल गोल जाणाऱ्या रेषेवर असते. त्या दिशेने ओरखडा गेला तर सलग मोठा भाग जातो, आडवा गेला तर थोडा थोडाच जातो आणि तेवढं ड्राईव्ह सावरून घेतो. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. सीडीची नाजूक बाजू नाव लिहिलेली आहे. गाण्यांचा थर त्या बाजूला अगदी वरवर असतो, त्यावर रोगणाचा पातळसा लेप, बस्स. तिथे बॉलपेन चालवू नका आणि कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ते ओरबाडून काढू नका, चकाकी त्याच्याबरोबर सुटून येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रत काढायचं. तो जुना ड्राईव्ह पट्टा बदलल्याशिवाय वापरू नका. कोणाचा तरी चांगला ड्राईव्ह असलेला कॉम्प्युटर घ्या किंवा यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राईव्ह आणा. (पट्टा गरम पाण्यात काही मिनिटं बुडवून, पुसून परत चढवला तर काही दिवस चालतो, पण तुमच्या या सीडीसाठी मी तो धोका पत्करणार नाही.) सीडी घातल्यावर पडद्यावर ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशा फायली दिसतील, शेवटी 'सीडीए' लिहिलेल्या. पुष्कळ लोक त्याच फायली उचलून पेन ड्राईव्हवर टाकतात आणि प्रत झाली म्हणून निश्चिंत होतात. काकू, त्या फायलींत गाणं नसतं. प्रत्येकी फक्त ४४ बाइट्स. हे गाणं सीडीवर कुठून कुठपर्यंत आहे, एवढाच पत्ता. मागच्या वर्षी वैशालीनगरातले एक गृहस्थ असा पेन ड्राईव्ह घेऊन आले होते. वडिलांच्या कीर्तनाच्या चौदा फायली, सगळ्या मिळून एक केबीसुद्धा नाही. मूळ सीडी त्यांनी घर आवरताना रद्दीत दिली होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

म्हणून 'रिप' करायचं, म्हणजे सीडीवरचं गाणं खऱ्या फायलीत उतरवून घ्यायचं. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये रिपच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी प्रकार बदला, वेव्ह किंवा फ्लॅक निवडा, म्हणजे आवाज काटछाट न होता येतो. वेव्हला मिनिटाला साधारण दहा एमबी जागा लागते. सीडी काठोकाठ, ८० मिनिटांची भरलेली असली तरी आठशे-साडेआठशे एमबी, आजच्या मानाने काहीच नाही. रिप झाल्यावर प्रत्येक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. मग तीन ठिकाणी ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राईव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. आणि सीडी टाकून देऊ नका. ओव्यांचे शब्द जमतील तसे वहीत उतरवून ठेवा; कुठली ओवी कोणत्या गावची, हे तुमच्याशिवाय आता कोण सांगणार?

प्रश्न : मी सियागंजात एका किराणा पेढीवर हिशेबनीस आहे. रोज संध्याकाळी टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो आणि शेटजी ती घरी नेतात. पण 'सेफली रिमूव्ह' केलं की रोज तोच निरोप येतो, 'डिव्हाईस सध्या वापरात आहे'. सगळ्या खिडक्या बंद केल्या तरी. शेटजी घाईत असतात, ते तशीच वायर ओढून स्कूटरच्या डिक्कीत टाकतात. शेजारचा मुलगा म्हणतो, नव्या विंडोजला सेफली रिमूव्ह लागतच नाही. खरं काय?

उत्तर : भाऊ, त्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, पण तुमच्यासाठी ते अर्धं पुरेसं नाही. पूर्वी विंडोज लिहायची माहिती काही वेळ स्वतःच्या मेमरीत धरून ठेवायचं आणि सवडीने डिस्कवर उतरवायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी मूळ सेटिंग बदललं, आता लिहिणं लगेच उरकायचं असं ठरलेलं असतं. म्हणजे काहीच चालू नसेल तर वायर काढून बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण तुमच्याकडे तर विंडोज स्पष्ट सांगतंय की कोणीतरी डिस्क धरून बसलंय. ते जर लिहीत असेल आणि शेटजींनी ओढलं, तर नेमका आजचा बॅकअप अर्धवट राहणार. आणि हे कळणार कधी, तर बॅकअपची गरज पडेल त्या दिवशी.

धरणाऱ्याचं नाव विंडोज लिहून ठेवतं, फक्त जिथे कोणी बघत नाही अशा जागी. निरोप आला की लगेच हे करा. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्युअर' शोधून उघडा. डाव्या बाजूला 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम'. वरच्या ओळींत 'कर्नल-पीएनपी' या नावाची, २२५ क्रमांकाची नोंद शोधा. ती उघडली की खाली लिहिलेलं असेल, अमुक प्रोग्रॅमने, अमुक प्रोसेस क्रमांकाने, डिस्क काढणं थांबवलं. तो प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमध्ये त्याच क्रमांकावर सापडतो. मी पाहिलंय त्यात बहुतेक वेळा तीनच गुन्हेगार निघतात. एक, अँटिव्हायरस, बॅकअपची नवी फाइल दिसली की ती तपासायला घेतो. त्याला दोन-चार मिनिटं दिली की आपोआप सोडतो. दुसरा, विंडोजचा स्वतःचा एक्स्प्लोरर, फोल्डर बंद केलं तरी कधी कधी मागे धरून राहतो. तिसरा खुद्द टॅली.

तुमच्या बाबतीत मला तिसऱ्याचा संशय आहे, कारण रोज होतंय. कधीतरी कोणीतरी बॅकअप उघडून बघताना कंपनीचा डेटाच बाहेरच्या डिस्कवरून उघडला असेल आणि टॅलीला आता ती जागा पाठ झाली असेल. टॅलीत कंपनी उघडताना डेटाचा पत्ता कुठला दिसतो ते बघा. तिथे बाहेरच्या डिस्कचं अक्षर असेल तर तुम्ही बॅकअप घेतच नाही आहात, रोजचं काम त्याच डिस्कवर करताय आणि शेटजी पेढीचे मूळ हिशेब डिक्कीत टाकून नेताहेत! तसं असेल तर आजच, दुसरं काही करण्याआधी, तो डेटा कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर आणा आणि टॅलीला नवा पत्ता द्या. मूळ हिशेब पेढीवर आणि बॅकअप बाहेर, हीच वाट बरोबर. पत्ता ठीक असेल तर संध्याकाळी बॅकअप झाल्यावर कंपनी शट करा, टॅलीतून बाहेर पडा, पाच मिनिटांनी सेफली रिमूव्ह करा.

इतकं करूनही सुटली नाही तर सरळ कॉम्प्युटर बंद करा. शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा. नुसतं शटडाऊन केलं तर विंडोज पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून स्वतःची अर्धी अवस्था साठवून झोपतं. शिफ्टने ते खरंच बंद होतं. दिवे गेले की वायर काढा. आणि शेटजींना माझा एक निरोप द्या: वायर काढल्यावर डिस्क दहा-पंधरा सेकंद टेबलावरच राहू द्या. आत तबकड्या फिरत असतात, त्या थांबायच्या आत उचलून आपटली तर वाचणारं डोकं तबकडीला लागू शकतं. डिक्कीत टाकायची तर जाड कापडात गुंडाळून, आणि उन्हाळ्यात दुपारी अजिबात नाही.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाने फोनमधलं बारीक मेमरी कार्ड लॅपटॉपच्या कार्डाच्या फटीत थेट घातलं. ते आत गेलंय, दिसतही नाही. त्यात मागच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे (चित्ररथांचे) सगळे फोटो आहेत. (सुदामानगर)

उत्तर : वहिनी, मुलाला रागावू नका, मोठी माणसंही हे करतात. ती फट मोठ्या कार्डाची आहे, २४ मिलिमीटर रुंद आणि २.१ जाड. फोनचं कार्ड ११ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १ जाड, म्हणून ते आत हरवतं. इथे कोणी धरलेलं नाही, कार्ड नुसतं पडलंय, त्यामुळे खूप आशा आहे.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. फट खाली येईल असा धरा आणि पाठीवर हलकेच थोपटा, ढेकर काढताना बाळाला थोपटतो तसं. निम्म्या वेळा एवढ्यावर कार्ड बाहेर येतं. नाही आलं तर जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची बोटभर पट्टी कापा, तिच्या टोकाला खालच्या बाजूने दोन्हीकडून चिकटणारी टेप लावा, पट्टी फटीच्या तळाला लागून आत सरकवा, वरून हलका दाब द्या आणि मागे ओढा. लोखंडी चिमटा, सुई, हेअरपिन यातलं काही नको. फटीच्या आत सोनेरी रंगाचे केसासारखे काटे असतात, त्यातला एक वाकला तर फट कायमची गेली. पट्टीला टेप सैल लावू नका, नाहीतर टेपच आत राहील. त्या टेपसकट आलेले दोन लॅपटॉप मी उघडले आहेत. तरीही नाही निघालं, तर खालचं झाकण काढून पाच मिनिटांत मिळतं. कार्ड आत असताना लॅपटॉप मात्र चालू करू नका.

प्रश्न : ताई, मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामाचा २०१०चा आयमॅक मला मिळालाय. त्याला ट्रे नाही, नुसती फट आहे. त्यात घातलेली डीव्हीडी परत येत नाही. भोकही सापडत नाही.

उत्तर : भोक शोधू नकोस, त्याला नसतं. फटीच्या ड्राईव्हमध्ये रबरी रूळ डिस्क ओढून घेतात, ट्रे हा प्रकारच नाही. आयमॅक रीस्टार्ट कर आणि सुरू झाल्याचा सूर वाजला की माउसचं बटण दाबून धर, डिस्क बाहेर येईपर्यंत सोडू नकोस. वायरवाला माउस असेल तर उत्तम. तेवढ्याने आली नाही तर घरातल्या एकाला मदतीला घे, पडदा सांभाळून यंत्र असं कलतं करा की फट खालच्या बाजूला येईल, आणि त्याच स्थितीत पुन्हा हेच कर. रूळ नुसतेच घसरत असतील तर वजनाची मदत होते. तुझ्या डीव्हीडीवर कागदी लेबल आहे का? असलं तर कारण तेच. कडा सुटून आत चिकटली आहे. तसं असेल तर ओढाताण न करता ड्राईव्ह उघडणाऱ्याकडे ने. पुढे या फटीत आठ सेंटिमीटरची छोटी सीडी किंवा कुठल्याही वेगळ्या आकाराची डिस्क कधीच घालू नकोस, तिला फक्त १२ सेंटिमीटरची कळते.

प्रश्न : रामबागेतल्या आमच्या गणेश मंडळाची १९९८ ची वर्गणीदारांची यादी फ्लॉपीवर आहे. जुन्या कॉम्प्युटरात घातली, बटण दाबलं तर अर्धी बाहेर येऊन थांबते. जोरात ओढावी का?

उत्तर : ओढू नका, काका. साडेतीन इंची फ्लॉपीला पत्र्याचं सरकतं झाकण असतं. ते वाकलं की आतल्या डोक्यात किंवा चौकटीत अडकतं, आणि जोर केलात तर झाकण डोकं घेऊनच बाहेर येतं. मग फ्लॉपी निघेल, पण ती वाचायला ड्राईव्ह राहणार नाही, आणि आज चालू फ्लॉपी ड्राईव्ह मिळवणं हेच मुख्य काम आहे. कॉम्प्युटर बंद करून फ्लॉपी परत पूर्ण आत ढकला, ड्राईव्ह बाहेर काढा, वरचा पत्रा काढा. झाकणाचा वर आलेला कोपरा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने दाबून धरा आणि मग बटण दाबा. निघाल्यावर ते पत्र्याचं झाकण काढूनच टाका, त्याच्याशिवाय फ्लॉपी वाचता येते. फक्त आतल्या तपकिरी चकतीला बोट लागू देऊ नका, आणि लगेच, त्याच बैठकीत, यादीची प्रत काढून घ्या. अख्खी फ्लॉपी १.४४ एमबीची असते, त्यामुळे फोनवरसुद्धा पाठवता येईल. आधी मंडळातल्या जुन्या माणसांना पाठवा. त्या यादीतले किती जण अजून रामबागेत राहतात ते तेच सांगू शकतील.